गोणी नको म्हणते!

मी एक जुनी गोणी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. तागाच्या गिरणीत जन्मले तेव्हा मी चांगली सोनेरी होते. पहिली काही वर्षं मी बटाटे वाहिले. बटाटे स्वभावाने गरीब. एकमेकांना चिकटून गप्प बसतात. ते दिवस सुखाचे होते.

पुढे मी नळ आणि बेसिनच्या एका गोदामात आले. मालकिणीला सगळे आत्या म्हणत. गुडघ्यांमुळे त्या वरच्या मजल्यावरून क्वचितच खाली उतरत. खालचा कारभार मुकादमाकडे होता आणि माणसं नेमायचं कामही त्याच्याकडेच. त्याला सगळे पैलवान म्हणत. कुस्ती तो कधी खेळला नव्हता, पण मिशी तशी होती.

पैलवानाचा एक हट्ट होता. काउंटरवर बाई नको, लंगडणारा नको, पिकल्या केसांचा नको. पूर्वी तो हे तोंडावर सांगून मोकळा होई. मग नियम आला, की असल्या कारणांनी कुणालाही काम नाकारायचं नाही. आत्यांनी त्या नियमाचा कागद दारावर चिकटवला. पैलवान बराच वेळ मिशी चावत बसला. मग उठला, मला झटकलं, दाराशी उभं केलं, तिथेच माझ्यात गच्च वाळू भरली आणि सुतळीने तोंड आवळलं.

"ही जो खांद्यावर घेईल, तो आत," त्याने जाहीर केलं.

आता त्या कामात उचलण्यासारखं काय होतं? गिऱ्हाईक मागेल तो नळ फळीवरून काढून द्यायचा. बेसिन तर सगळे ढकलगाडीवरूनच नेत. पण लोक येत, मला कवटाळत, लालबुंद होत आणि परत जात. कुणी कुरकुर केली की पैलवान हात झटके, "मी कुठे नको म्हणतो? गोणी नको म्हणते!"

खोटं कशाला बोलू, मी फुगले होते. वाळूने तर होतेच, वर मानानेही. "आमची गोणी कुणाची भीड ठेवत नाही," असं तो पाहुण्यांना सांगे, तेव्हा मला वाटे, गोदाम माझ्यावरच उभं आहे.

मग एक दिवस पैलवानाचा मेहुणा नोकरीसाठी आला. सगळे जेवायला गेलेले पाहून पैलवानाने माझी अर्धी वाळू बादलीत काढली. दुपारी मेहुण्याने मला एका हाताने उचललं. बिचारा धाप लागल्याचं सोंग करायलाही विसरला. टाळ्या पडल्या. संध्याकाळी वाळू परत माझ्या पोटात आली आणि ती गोष्टही पोटातच राहिली. गोणीने सांगायचं कुणाला?

त्यानंतर आल्या चष्मेवाल्या बाई. एका हार्डवेअरच्या दुकानात त्यांची निम्मी हयात गेली होती. दुकान बंद पडलं आणि घरी त्यांच्यावर अवलंबून असलेली खाणारी तोंडं होती. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"ही रोज कुठून कुठे न्यायची असते?"

"कुठेच नाही," पैलवान म्हणाला.

"मग उचलायची कशाला?"

"परीक्षा आहे बाई. नियम सगळ्यांना सारखा."

"बरं. मग एकदा तुम्ही उचलून दाखवा, म्हणजे मला कळेल."

पैलवान हसला. पण तेवढ्यात तडकलेलं बेसिन बघायला खाली आलेल्या आत्या मागून म्हणाल्या, "दाखव की रे! नाहीतर तुला पैलवान कशाला म्हणायचं?"

आता माघार कशी घेणार? त्याने बाह्या सरसावल्या, मला मिठी मारली आणि जोर केला. मी तसूभरही हलले नाही. तो मात्र अर्ध्यात वाकला तो वाकलेलाच राहिला. कंबरेत उसण भरली होती.

"आई गं!" एवढंच तो जमिनीला उद्देशून म्हणाला.

चष्मेवाल्या बाईंनी शांतपणे ढकलगाडी आणली, पैलवानाला बेसिनसारखं अलगद तिच्यावर ठेवलं आणि फाटकापर्यंत नेऊन सोडलं. कुठे धक्का नाही, कुठे ओरखडा नाही.

आत्या मेहुण्याकडे वळल्या. "तू म्हणे एका हाताने उचलली होतीस? उचल बघू."

मेहुण्याने मला हात लावला आणि त्याचा चेहरा पडला. "आत्या, तेव्हा ही अर्धीच होती."

मी आयुष्यात पहिल्यांदा शरमले.

आत्यांनी बाईंनाही तिथल्या तिथे कामावर घेतलं नाही. आधी परत पाठवलेल्यांतले जेवढे सापडले, तेवढ्यांना त्यांनी निरोप धाडले. मग एका प्लंबरला काउंटरसमोर उभं करून प्रत्येकाला एकच परीक्षा दिली, त्याच्या हातातल्या मोडक्या तुकड्याला बसेल तो नळ शोधून द्यायचा. चष्मेवाल्या बाईंनी चटकन दिला. लंगडणाऱ्या एका काकांनी तर वर वायसरही दिला. आणखी एक ताई आल्या होत्या, त्यांनी नळाऐवजी शॉवर दिला. आत्या स्वतः त्यांच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "ताई, हे काम अजून तुम्हाला येत नाही. शिकून या, परत बघू." ताई हिरमुसल्या, पण आपण कशामुळे राहिलो ते समजून परत गेल्या.

शेवटी मेहुण्याचीही परीक्षा झाली आणि तो चक्क पास झाला! संध्याकाळी तो पैलवानाच्या उशाशी बसून म्हणाला, "भाऊजी, मला नीट विचारलं असतं तरी जमलं असतं हो. उगाच चोर केलंत मला." पैलवानाला मान फिरवायची होती, पण उसण मानेपर्यंत चढली होती.

माझी वाळू अंगणात ओतली गेली. हल्ली मी बेसिनखाली अंथरली जाते, म्हणजे त्यांचा टवका उडत नाही. काम साधं आहे, पण खरं आहे.

मित्रांनो, मला अधूनमधून उन्हात वाळवा, ओलीत टाकू नका, मी अजून पुष्कळ टिकेन. आणि उद्या तुम्ही माणसं नेमायला बसलात, तर काम काय आहे ते आधी स्वतःला विचारा. कुणाला नाही म्हणायची वेळ आलीच, तर त्याच्याकडे बघून आपल्या तोंडाने म्हणा. गोणीलाही तोंड असतं हे खरं, पण ते दुसऱ्याच कुणीतरी बांधलेलं असतं.