चिमीच्या तळव्यांचं औषध

वामनरावांनी चिमीचा पुढचा पाय हातात धरला आणि तळवा हुंगला. कुत्र्याने माणसाला हुंगायचं, इथे सगळा उलटाच कारभार! भेगा भरत आल्या होत्या. वास खोबरेल तेलाचाच होता, तरी त्यांचं समाधान होईना.

“मयुरा, इच्या पायाले तू काही लावून राहिली काय वं?”

“मी? मी तर हातही नाही लावत तिले, बाबा.” सून पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली नाही.

मान वर केली नाही, हे वामनरावांनी बरोबर हेरलं.

रामदासपेठेतल्या जनावरांच्या डॉक्टरने बजावलं होतं: पाय कोमट पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करा, तेलाचा पातळ हात फिरवा, ते मुरेपर्यंत चाटू देऊ नका, तापलेल्या डांबरावर नेऊ नका. माणसांचं मलम तर चुकूनही नको, चाटून पोटात जातं. वामनरावांनी यातलं एक अक्षर चुकवलं नव्हतं. तरी चिमी रोज संध्याकाळी ओकायची. आता मुलगा रजत म्हणत होता, हिला पारशिवनीला मामाच्या शेतावर ठेवून येऊ. पोराच्या तोंडून कोण बोलतंय, हे कळायला ज्योतिषी लागत नव्हता. ही बाई चिमीला काहीतरी चारते, नाहीतर पायाला फासते. चिमी गेली की वामनराव घरात एकटे पडणार होते.

त्या दुपारी त्यांनी टाचांच्या भेगांना आपलं मलम चोपडलं, कूलरसमोर आरामखुर्चीत पाय लांबवले आणि घोरण्याचं सोंग घेतलं. आज चोर पकडायचाच.

चिमी आली आणि रोजच्यासारखी त्यांच्या टाचा चाटू लागली. बायको पुष्पलता गेल्यापासून एवढीच माया त्यांच्या वाट्याला उरली होती. त्यांना भरून आलं. अन् या मुक्या जिवाच्या वाईटावर कोणी उठावं!

पावलं वाजली. वामनराव ताडकन उठून बसले.

“सापडली! काय हाय हातात?”

मयुराने हात पुढे केला. सुती मोजे होते.

“हे इच्या पायात राहतीन काय वं? केवढाले मोठे हायेत!”

“तिचे नाहीत, बाबा. तुमचे आहेत.” तिने त्यांच्या टाचेकडे बोट दाखवलं. “काल पाहिलं मी. तुमचं मलम चाटते ती.”

वामनरावांनी खाली पाहिलं. एका टाचेवर मलमाचा मागमूस नव्हता. चिमी जिभल्या चाटत होती.

“रजतले सांगतलं काय?”

“नाही. काहून सांगू?”

त्यांनी पाय ओढून घेतले. आपलं काय चुकलं ते चिमीला कळेना. ती शेपूट हलवत पुन्हा पुढे सरकली. वामनराव मोजे चढवायला वाकले, पण कंबर वाकेना. मयुरा ओलं फडकं घेऊन आली, फरशीवर बसली आणि त्यांची टाच पुसू लागली. चिमीने तिच्या खांद्याला नाक लावलं. तशी मयुरा आक्रसली.

“तुले ही आवडत नाही ना वं?” वामनरावांनी शेवटी विचारलं.

“भीती वाटते मले तिची,” मयुरा म्हणाली आणि तिने दुसरा पाय पुसायला घेतला.