बिनकानाचे कप

रुखवतात थर्माकोलचा रायगड मांडायचा नाही, हे मी घरात आधीच बजावलं होतं. माझ्या लग्नात माझे कप मांडायचे. पोर्सलीनचे, फिकट निळे, बिनकानाचे आणि एकही डाग नसलेले. मुंबईत शिकून पोरगी चिखल तुडवते म्हणणाऱ्या अख्ख्या पोलादपूरची तोंडं मला एकदाची बंद करायची होती.

पण माझी भट्टी विजेवरची, आणि ऐन वेळी लाइट गेली ती दोन दिवस आलीच नाही. कप एकदा भाजून तयार होते, वरचं निळं ग्लेझ, काचेसारखा लेप, चढवायचं काम नेमकं हळदीच्या दिवशी आलं. परवा लग्न. हात साबणानं घासून मी पिवळ्या तोंडानं ग्लेझ ढवळत बसले, आणि हळद लावायला आलेल्या बायका भट्टीच्या खोलीत घुसल्या.

"आगो, याला कान कुठंय?" आवडीआत्या म्हणाली. "सासूनं धरायचं काय?"

"सुनेचे धरंल की," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या खिदळल्या.

हात लावू नका, असं मी ओरडून सांगितलं. मग व्हायचं तेच झालं. प्रत्येक कपावर तेल-हळदीची बोटं. हळदीचा रंग भट्टीत जळून जातो, त्याची काळजी नव्हती. पण कप बुडवला की तेलाच्या जागी ग्लेझ धरेना, सरळ ओघळून जाई. तेल जाळायला कप आधी पुन्हा भाजायचे तर वेळ कुठला?

"कोणी लावले हात?" मी फडकं आपटलं. जी ती दुसरीकडे बोट दाखवायला लागली.

"मी नाय गो," आई म्हणाली. "मी वड्यांचं पीठ मळत होते."

मला रडू फुटलं. त्यात डोळ्यांत हळद गेली, मग तर विचारूच नका.

"तशेच टाक भट्टीत," आत्या म्हणाली. टाकले. दुसरं करणार काय?

लग्नाच्या सकाळी भट्टी उघडली तर निळ्या कपांवर पांढरी बोटं उमटलेली. आत्यानं एक उचलून आपली बोटं बसवून पाहिली आणि हा माझा म्हणून कडेवर घेतला. झालं, नटलेल्या सगळ्या बायका आपापली बोटं शोधायला लागल्या. भटजी मांडवातून हाका मारतायत, ऐकतंय कोण? मी हसून हसून मुंडावळ्या तोडल्या.

सासूबाई रुखवत बघायला आल्या. कप उचलला तर त्यांची बोटं बरोबर पांढऱ्या जागी पडली.

"धरायची जागा ठेवलीस ते छान केलंस हो. डिझाइन कोणाचं?"

"आमच्या बायकांचं," मी म्हटलं.

एक कप मात्र कोणाचाच निघेना. त्यावर एकच अंगठा होता, आणि त्या अंगठ्यावर तिरकी निळी रेघ. विळीनं कापल्याचा असा वण आमच्या घरात एकीच्याच अंगठ्यावर आहे. मी आईकडे पाहिलं तर तिनं हात पदराखाली घेतला.

"पीठ मळत होतीस ना?"

"धूळ दिसली गो, म्हणून पुसला."

बाकीचे कप महाडला सासरी पाहुण्यारावळ्यांत फिरतात, फिरू देत. तो एक मी कोणाला देत नाही. सकाळी त्यात चहा घेते, अंगठा तिच्या अंगठ्यावर ठेवून. ओंकारनं चुकून उचलला तर नवरा म्हणून गय करत नाही.