माझी खंडेनवमीची आंघोळ

मित्रांनो, मला आजवर किती नावे पडली म्हणून सांगू! पुण्याहून येताना बसच्या कंडक्टरने मला इस्त्रीचे टेबल ठरवले. औशाच्या बसस्थानकावर एका आजीबाईंनी मला काखेत धरलेल्या मुलीला विचारले, "पोरी, एवढा मोठा पाट कुणाच्या लग्नाला न्यायलीस गं?" मी गप्प राहिलो. लोकांच्या अज्ञानावर चिडून आपले वार्निश कशाला खराब करून घ्या? पण तुमच्यापासून काय लपवायचे! मी एक जुना लाँगबोर्ड आहे, म्हणजे वर उभे राहून पळवायची चाकांची फळी. लांबी चाळीस इंच, चाके चार आणि स्वभाव थोडासा मानी.

माझा जन्म कारखान्यात झाला. मेपल नावाच्या झाडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून यंत्रात दाबले, तेव्हा माझी पाठ तयार झाली. पाठीवर खरखरीत काळा कागद डकवला, म्हणजे उभे राहणाऱ्याचा पाय घसरू नये. खाली दोन आस बसवले आणि त्यांना मऊ, जाडजूड चाके लावली. आखूड स्केटबोर्ड हा माझा चुलतभाऊ. त्याची चाके लहान आणि टणक. उड्या मारण्यात तो पटाईत, पण वाटेत हरभऱ्याएवढा खडा आला की अडतो आणि वरच्याला तोंडावर पाडतो. मी असल्या खड्यांना विचारत नाही. म्हणून नव्याने शिकणाऱ्याने आधी माझ्याकडे यावे. ही बढाई नाही. बरे, थोडी आहे.

मला पहिल्यांदा विकत घेतले पुण्यात नोकरी करणाऱ्या मल्लेशमामाने. पहिल्याच दिवशी तो वॉचमनच्या देखत आपटला आणि मी त्याच्या पलंगाखाली गेलो. तिथे एक चाक तुटलेली बॅग माझ्या सोबतीला होती. दोन वर्षे आम्ही एकमेकांची धूळ मोजली. मग एका उन्हाळी सुट्टीत मामाची भाची अंजू चार्जर शोधायला वाकली आणि तिचा हात माझ्या चाकाला लागला. चाक भर्रकन फिरले. तिने मला बाहेर ओढले.

"मामा, हे मी नेऊ?"

"ने बाई, ने. माझ्या गुडघ्यांनी त्याचं नाव टाकलंय."

अशा रीतीने मी औशाला आलो.

अंजू तेव्हा नववीत जाणार होती. तिच्या पप्पांचे, म्हणजे राजशेखर यांचे, पाइप आणि पाण्याच्या मोटारींचे दुकान. आई मंजुश्री प्राथमिक शाळेत शिक्षिका. आणि घरातले सर्वांत मोठे म्हणजे आज्जा, रेवणप्पा. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, अंगात पांढरी बंडी. त्यांनी औशात चाळीस वर्षे सायकलचे दुकान चालवले होते. दुकान बंद झाले, तरी चाक दिसले की त्यांचा हात आपोआप त्याच्याकडे जायचा. मला मात्र त्यांनी हात लावला नाही. नुसते बघितले आणि म्हणाले, "हँडल न्हाई, घंटी न्हाई, ब्रेक न्हाई. ह्याला गाडी म्हणायचं व्हय? ह्यो तर पाट हाय."

पुन्हा पाट! माझ्या पापुद्र्यांत आग पेटली.

पप्पांचे दुखणे वेगळे होते. घरासमोरून उसाचे ट्रॅक्टर जायचे आणि पप्पांना एकुलती एक लेक होती. ते म्हणाले, "अंजू, चालायला कुणाला बी येतंय. थांबायला येतंय का ते सांग. दसऱ्यापर्यंत शीक. मी रेघ मारीन तिथं थांबून दाखवायचं, तीनदा. न्हाई जमलं तर हे परत मामाकडं."

मामाकडे, म्हणजे पलंगाखाली! मित्रांनो, त्या दिवसापासून अंजूचे आणि माझे नशीब एकाच रेघेवर येऊन ठेपले.

पहिल्या दिवशी अंजू चपला घालूनच माझ्यावर चढली. चपला मागे राहिल्या, मी पुढे गेलो आणि ती मध्ये बसली. आज्जा इतके हसले की त्यांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी तिने पप्पांचे मोटारसायकलचे हेल्मेट घातले. त्या जड डेऱ्यात तिला ना ऐकू येई ना नीट दिसे. तेव्हा आईने तिला लातूरला नेले. तिथल्या खेळाच्या दुकानात चाकांचे बूट घालून पळणाऱ्या मुलांचे सगळे सामान मिळते, तेच लाँगबोर्डलाही चालते. सायकलवाल्यांसारखे हलके हेल्मेट, गुडघ्यांच्या आणि कोपरांच्या ढाली, मनगटे जपणारे हातमोजे आणि सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट आले. पडणार नाही असे म्हणणारा खोटे बोलतो. मग पडायचेच असेल, तर गुडघ्यांच्या ढालींवर बसत, घसरत पडावे. घाबरून उघडे हात जमिनीवर टेकले, की महिनाभर पोळी दुसऱ्याने भरवावी लागते.

पुढचा पाय कोणता, हेही तिला ठाऊक नव्हते. आईने तिला स्वयंपाकघरात बेसावध गाठून पाठीमागून हलकेच ढकलले. अंजूचा डावा पाय पुढे पडला.

"आई, काय करायलीस!"

"काही नाही. डावा पुढे ठेवायचा. पायाला विचारलं, त्यानं सांगितलं."

शिक्षिका ती शिक्षिकाच.

शिकायला आम्ही गावाबाहेरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये जायचो. तिथे रस्ते गुळगुळीत, विजेचे खांब उभे, प्रत्येक प्लॉटला नंबराचा दगड, घरे मात्र सगळी मिळून दोन. वाहन औषधालाही नाही. आमच्यासाठी तो स्वर्ग होता. सुरुवातीला अंजू सारखी स्वतःच्या पायांकडे बघायची. जिकडे नजर, तिकडे मी जातो. पायांकडे बघणारा पायांतच कोलमडतो. हळूहळू तिने मान वर केली, गुडघे सैल सोडले, खांदे वळवले की मी वळतो हे तिला उमगले. माझ्या आसांचे नट तिने आधी इतके सैल ठेवले की मी डळमळायचो, मग इतके आवळले की मी वळेना. शेवटी मधला मार्ग सापडला.

अडत होते फक्त थांबण्याचे. पुढच्या पायावर भार ठेवून मागचा पाय खाली घ्यायचा आणि त्याचा तळवा जमिनीवरून घासत न्यायचा, एवढीच युक्ती. पण उतार आला की अंजू घाबरायची, भार मागे टाकायची आणि पाय धाडकन आपटायची. मग मी एकीकडे, ती दुसरीकडे.

आज्जा रोज सकाळी फिरायला म्हणून तिकडेच यायचे आणि सतरा नंबरच्या दगडावर बसायचे. महिनाभर ते नुसते बघत होते. एक दिवस त्यांना राहवले नाही.

"अंजे, तू ब्रेक दाबायलीस. उतारावर ब्रेक दाबायचा नसतो, चाखवायचा असतो. जरासा लावायचा, सोडायचा, परत लावायचा. सायकल असू दे न्हाई तर तुझा ह्यो पाट."

अंजूने तळवा जमिनीला नुसता लावला, उचलला, पुन्हा लावला. माझा वेग मुकाट्याने उतरला आणि मी थांबलो. अंजू ओरडली. आज्जांनी टोपी काढून पुन्हा घातली. मला त्या पाटाचासुद्धा राग आला नाही.

नवरात्र आले. दसऱ्याच्या सकाळी परीक्षा होती आणि अंजू आता दहापैकी नऊ वेळा रेघेवर थांबत होती. आदल्या दिवशी खंडेनवमी. औशात त्या दिवशी पाने-पकडींपासून ट्रॅक्टरपर्यंत ज्याच्यावर पोट चालते ते सगळे धुऊन पुसून पुजले जाते. आज्जांनी अंगणात मोटारसायकल, स्कूटी, स्वतःची जुनी सायकल अशी रांग लावली आणि आत हाक मारली, "अंजे, तुझी गाडी आण की!"

गाडी! मित्रांनो, ऐकलेत ना? पाट नाही, गाडी! आनंदाने माझी चारही चाके हलकी झाली. अंजूनेही मला धावत आणून दिले आणि ती झेंडूच्या माळा करायला आत गेली.

मग आज्जांनी मला आंघोळ घातली. काय ती आंघोळ! धुण्याची पावडर लावून, ब्रशने घासून, दुकानातल्या पाण्याच्या मोटारीचा पाइप लावून त्यांनी माझ्या चाकाचाकांत फवारा मारला. चाळीस वर्षे त्यांनी सायकली अशाच धुतल्या होत्या. पण सायकलच्या छऱ्यांभोवती घट्ट ग्रीस असते. माझ्या बेअरिंगच्या छऱ्यांना नावापुरते पातळ तेल असते, आणि ते पावडरच्या फेसाबरोबर गटारात निघून चालले होते. मला ओरडावेसे वाटले, पण लाकडाला कुठले तोंड! त्यांनी माझ्या नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर, विभूतीचे तीन पट्टे ओढले, हळद-कुंकू लावले, माळ घातली, नारळाचे पाणी शिंपडले आणि चाकांखाली चार लिंबे ठेवली. मी इतका हलका की लिंबे फुटेनात. अंजूला माझ्यावर उभे केले तेव्हा तीन फुटली आणि चौथे उडून शेजारच्या अंगणात गेले. घरभर हशा झाला. पण त्या रात्री माळ घालून बसलो असताना माझ्या छऱ्यांवर गंज चढत होता.

दसऱ्याच्या सकाळी सगळे प्लॉटिंगवर जमले. पप्पांनी क्रिकेटच्या मैदानावर टाकतात तशी पांढऱ्या फक्कीची रेघ ओढली. अंजूने मला ढकलले. मी जड जड निघालो. उताराच्या मध्यावर माझे पुढचे चाक करकरले आणि जागीच अडले. मी थांबलो, अंजू थांबली नाही. ती गुडघ्यांच्या ढालींवर घसरत रेघेच्या पलीकडे गेली. लागले काहीच नाही. पण पप्पांचा चेहरा पांढरा पडला.

"बस झालं," ते म्हणाले. "उद्या मल्लेशला फोन करतो."

अंजू माझ्याजवळ येऊन बसली. तिने माझे चाक फिरवले. ते अर्धा फेरा जाऊन थांबले. तिने वाकून बघितले, आतला तांबूस थर तिला दिसला आणि तिला सगळे कळले. तिने एकदा आज्जांकडे बघितले. काल पहिल्यांदा त्यांनी मला गाडी म्हटले होते. तिच्या ओठांवर आलेले शब्द तिने गिळले, हे मी अगदी जवळून पाहिले.

"माझंच चुकलं, पप्पा," ती म्हणाली.

पण आज्जा सतरा नंबरच्या दगडावरून उठले. त्यांच्या कानांनी उभ्या आयुष्यात हजारो चाके ऐकली होती. त्यांनी मला उचलले, कानाशी धरले, चाक फिरवले. खर्र, खर्र. दुसरे फिरवले. तेही खर्र. आज्जांचा हात खाली आला.

"राजशेखर," ते म्हणाले, "पोरगी पडली न्हाई. म्या पाडली."

"अप्पा, तुम्ही कशाला…"

"ऐक. काल म्या पाइप मारला. ग्रीस असंल म्हणलं. उघडून बघितलं न्हाई, कुणाला इचारलं बी न्हाई. लई शहाणपण हाय न्हवं आमच्या अंगात! आता संध्याकाळपर्यंत थांब. सोनं वाटायच्या आधी परत बघ."

पप्पांनी मान डोलावली. मला वाटते, आज्जांनी आपली चूक कबूल केलेली पप्पांनी जन्मात पहिल्यांदा ऐकली असावी.

दुपारी आज्जांनी माळ्यावरून अवजारांची पेटी काढली. दुकान बंद झाल्यापासून ती उघडली नव्हती. त्यांनी माझी चाके काढली, आठही बेअरिंगे सोडवली आणि वाटीभर पेट्रोलमध्ये टाकली. वाटी नेमकी आईची खिरीची होती. त्यावरून आई दहा मिनिटे बोलली आणि देवघरातला दिवा लांब ठेवा म्हणून पुन्हा दहा मिनिटे बोलली. अंजूने एकेक बेअरिंग खळबळून काढले, पंख्याखाली खडखडीत वाळवले. आईने शिलाई मशीनच्या तेलाची बुधली आणून दिली. आज्जांनी प्रत्येकात एकच थेंब सोडला. चाके बसवून त्यांनी मला कानाशी धरले. सर्रर्र. चाक फिरतच राहिले.

"बोलायलाय," आज्जा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि माझे असते तर तेही भरले असते.

संध्याकाळी ऊन उतरताना पप्पांनी नवी रेघ मारली. पहिल्या फेरीला अंजू बरोबर रेघेवर थांबली. दुसऱ्या फेरीलाही थांबली. तिसऱ्या वेळी पप्पांनी फक्कीचा डबा खाली ठेवला आणि ते स्वतः रेघेवर जाऊन उभे राहिले.

"आता माझ्यापाशी थांब."

अंजू मला घेऊन उतारावर आली. तिने गुडघे वाकवले, नजर पप्पांच्या चेहऱ्यावर ठेवली, मागचा पाय खाली घेतला. चाखवला, सोडला. चाखवला, सोडला. माझा वेग चालणाऱ्या माणसाएवढा झाला, मग मुंगीएवढा, आणि माझे नाक पप्पांच्या चपलेपासून वीतभर अंतरावर थांबले.

पप्पांनी डोळे घट्ट मिटलेले होते.

"उघड की रं," आज्जा म्हणाले. "डोळे झाकून परीक्षा घेतूस व्हय?"

पप्पांनी डोळे उघडले, खाली बघितले आणि मटकन माझ्यावरच बसले. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून आपट्याची दोन पाने काढली. एक अंजूच्या हातावर ठेवले. दुसरे माझ्या पाठीवर, विभूतीच्या पुसट पट्ट्यांजवळ.

"घे सोनं," ते मला म्हणाले, "आणि असंच सोन्यासारखं थांबत जा."

मित्रांनो, त्याला आता दोन वर्षे झाली. माझ्या कडा झिजल्या, कागद दोनदा बदलला. तुमच्या घरीही माझ्यासारखा कुणी पलंगाखाली पडला असेल तर त्याला बाहेर काढा. त्याच्यावर चढण्याआधी डोके, गुडघे आणि मनगटे झाका, आणि पळायच्या आधी थांबायला शिका. त्याला पाण्याने धुऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा. जीव जरूर लावा, पण ज्याला लावता त्याला काय सोसते हे आधी बघा. आंघोळीने कोणी खुलते, कोणी गंजते.

आमच्याकडे आजही खंडेनवमीला माझी पूजा होते. आज्जा पाइप बंद करून येतात, बोटाच्या टोकाने मला कुंकू लावतात आणि लिंबू लांबूनच दाखवतात. मग मला कानाशी धरतात, चाक फिरवतात आणि अंजूला विचारतात, "बग गं, बरं हाय न्हवं तुझ्या गाडीला?"