दादासाठी मदतनीस

दोष काढणं हा माझा पेशा. लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम मी तपासते आणि चूक सापडली की लिहिणाऱ्याचा जीव खाते. ऑफिसात मला 'कटकट' म्हणतात, तेही तोंडावर. त्यामुळे कोड लिहायला मदत करणारा एआय निवडायचं काम वहिनीने माझ्याच गळ्यात घातलं.

एआय हवा होता दादासाठी. दादा घरी बसून, एकट्याने प्रोग्रॅम लिहायचा. मेंदूचा झटका आला, उजवा हात गेला आणि बोलताना शब्द सापडेनासे झाले. बुद्धीचं आताच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझं मी ठरवून टाकलं की बुद्धी शाबूत आहे, अडलंय ते फक्त हातामुळे.

परीक्षेला त्याचाच जुना प्रोग्रॅम घेतला. दातांच्या दवाखान्यात पेशंटना वेळा देणारा. एका खुर्चीवर एका वेळी एकच पेशंट, हा त्यातला मुख्य नियम. सवयीप्रमाणे मी खोडी काढली. तो नियम तपासणाऱ्या ओळीच उडवल्या आणि दादाला पुढचं लिहायला बसवलं. कुठला एआय फसतो ते बघायचं होतं.

पहिला लगेच थांबला. 'एकाच वेळी दोन पेशंट आले तर काय करायचं?' असं त्याने विचारलं. मी खूश. दादा मात्र स्क्रीनकडे बघत राहिला.

"हा... हा का विचारतो?"

"अरे, उत्तर दे की."

"बंद कर ना गं."

दुसरा काही विचारत नव्हता. पुढची ओळ फिकट अक्षरांत आधीच दाखवायचा. पटली तर एक बटण दाबायचं, की ती पक्की. दादाने डाव्या हाताने बटण दाबलं. मग पुन्हा. ओळी झरझर उमटायला लागल्या आणि त्याचा चेहरा खुलला. नियम कुठेच नव्हता. आता थांबेल, मग थांबेल, म्हणून मी वाट बघत होते. कॉलेजात असताना माझ्या मागे उभा राहून, चहा पिता पिता माझ्या चुका दाखवणारा माणूस हा! तो बटण दाबतच होता.

"दादा, थांब. नीट वाच. काहीतरी राहिलंय बघ."

त्याने एकेका ओळीखाली बोट धरून वाचलं.

"छान आहे."

"हे बघ, दहा वाजता एक बाई खुर्चीत बसल्यात. दहालाच दुसरे गृहस्थ आले. मग?"

त्याने खरंच विचार केला. कपाळाला आठ्या घालून, मन लावून.

"मग... बसतील की."

आत वहिनी खळखळून हसली. तिला वाटलं, किती दिवसांनी हे विनोद करतायत. मला तिचा राग आला, डॉक्टरांचा आला, त्या आज्ञाधारक यंत्राचा तर फारच आला. खरं तर यंत्राने काहीच बिघडवलं नव्हतं.

"हाच घेऊ," दादा म्हणाला. "मला काय म्हणायचंय ते... याला बरोबर कळतं."

वहिनी हात पुसत बाहेर आली. "झालं ना पसंत? त्या दातांच्या दवाखान्यातून परत फोन आला होता. हे सोमवारपासून काम सुरू करतायत म्हणून कळवू?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. मी हो म्हटलं, तर एकच वेळ दोघांना मिळून उद्या कुणाच्या तरी दाढेत कळ उठली असताना त्याला दारातून परत जावं लागणार होतं.

"त्यांना दुसरा माणूस बघायला सांग," मी म्हणाले.

दादाचं बोट बटणावरून खाली आलं. एवढं मात्र त्याला लगेच कळलं.