चाळीस नंबरची बॉडी

महादेवीचा डावा खांदा गेला होता. दिसायला जागेवरच होता, पण कामातून गेला होता. गेली पाच-सहा वर्षं तो ठणकत होता आणि घरात त्याची दखल घ्यायला कुणाला सवड नव्हती. नवरा विरूपाक्ष, शाहूपुरीत गुळाची अडत करणारा माणूस, पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, "वय झालं की तुझं." जसं काही याचं वय कुणी फ्रीजमध्ये ठेवलं होतं. कागलच्या हाडवैद्याचं तेल चोळून चोळून मंगळवार पेठेतल्या घराला त्याचा वास लागला, खांदा तसाच.

बरं, खांदा भाकरी थापताना दुखला असता तर तिनं चकार शब्द काढला नसता. दुखायचा तो पूजेला. सकाळी अंघोळ झाली, कपाळाला भस्म लावलं, की त्याच भस्माच्या बोटांनी गळ्यातल्या चांदीच्या चौक्यातून, म्हणजे लिंगाच्या डबीतून, इष्टलिंग काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, हात डोळ्यांसमोर उचलायचा आणि त्याच्याकडे बघत बसायचं. दिवसाकाठी तेवढाच वेळ तिचा. बाकीचा दिवस डबे, पाणी, पैपाहुणे यांनी वाटून घेतलेला. आणि आता हात उचलला की खांद्यातून कळ निघायची, तळवा थरथरायचा. लिंग खाली पडलं तर? या भीतीनं ती घाईघाईनं बेल वाहायची आणि लिंग परत चौक्यात ठेवायची. याला उरकणं म्हणतात, पूजा नव्हे, हे तिलाही कळत होतं. त्याचं तिला फार वाईट वाटायचं.

एका दुपारी तिची लेक दानेश्वरी, कॉलेजला जाणारी, आईच्या पाठीला तेल लावायला बसली आणि बघतच राहिली. ब्लाउजच्या आतल्या बॉडीच्या बंदांनी दोन्ही खांद्यांवर बोट बसेल एवढ्या खाचा पाडल्या होत्या. मागचा पट्टा पार वर चढला होता.

"अव्वा, ही बॉडी तुझ्या मापाची न्हाय."

"चाळीस हाय. मीच टेप लावून मोजलंय."

"मग पट्टा असा ढिला कसा? खालनं आधार न्हाय म्हणून सगळं वजन खांद्यावर आलंय. तू बंद आवळत बसलीस, आणि ते रुतलं." पोरीनं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. "ऊठ, परत मोजू."

महादेवीला लाज वाटली. पण लाजायलाही अंगात ताकद लागते, ती कुठून आणायची? तिनं दाराला कडी घातली. "तू तिकडं तोंड कर, माझं मीच मोजतो," म्हणाली. दानेश्वरी भिंतीकडे तोंड करून सांगत गेली, टेप छातीच्या खालनं घे, पाठीवर सरळ ठेव, श्वास सोड, मग वाच.

"अडतीस," महादेवी म्हणाली. "धुतल्यावर आटतंय म्हणून एक नंबर मोठा घ्यायचा. झालं की चाळीस."

म्हणजे माप बरोबर होतं. महादेवी पलंगाच्या कडेवर बसली. खांदा वयानंच गेला म्हणायचा, आणि तो आता कायमचा. पोरीच्या बोलण्यावर आपण केवढी आशा लावली होती हे तिला तेव्हा कळलं, आणि स्वतःचाच राग आला.

दानेश्वरी टेप गुंडाळायला लागली आणि थांबली. टेपवर पांढरा पट्टा उमटला होता.

"अव्वा, हे भस्म लागलंय. तू चौक्यावरनं मोजलंस व्हय?"

आता बोला. अंड्याएवढा चांदीचा चौका, लांब दोऱ्याला, बरोबर छातीच्या खाली लोंबणारा, आणि ही बाई त्याच्यावरून टेप फिरवून मोकळी. पण तिला बोल कसा लावायचा? लहानपणापासून तो अंगावर. झोपताना अंगावर, बाळंतपणात अंगावर. माणूस स्वतःचं नाक वेगळं धरतो का? मागच्या वेळीही तिनं असंच मोजलं होतं.

"काढून ठेव की जरा."

"काढत न्हाईत. मेल्यावर सुद्धा काढत न्हाईत."

"मग मुठीत धर आणि गळ्यापाशी ने. मी माझं मोजताना तसंच करते."

महादेवीनं चौका मुठीत धरला. या वेळी टेप लेकीनंच लावला. छत्तीस भरलं.

"आणि आटतंय म्हणून वाढवू नको. सुती पट्टा वापरून सैल पडतोय, आटत न्हाय."

संध्याकाळी दानेश्वरी पेठेतून छत्तीस नंबरच्या दोन घेऊन आली, कटोरी मोठी बघून. दाराला परत कडी लागली. शेवटच्या हुकात अडकवून पट्ट्याखाली दोन बोटं जातात का पाहिलं, वाकायला लावलं, दोन्ही हात वर करायला लावले. पट्टा जागचा हलला नाही.

दुखणं काही दुसऱ्या दिवशी गेलं नाही. एवढं मुरलेलं, ते असं जातंय कुठं? पण खाचा भरत आल्या, आणि काही आठवड्यांनी एका सकाळी महादेवीनं लिंग तळहातावर घेऊन हात उचलला आणि कळेची वाट बघत राहिली. कळ आली नाही. तळवा थरथरला नाही.

आता काय करावं हे तिला सुचेना. इतकी वर्षं ती त्याच्याशी एकच बोलत आली होती, पडू नको बाबा, पडू नको. आज ते बोलायचं कारण नव्हतं, आणि दुसरं काही ओठावर येईना. ती नुसती बघत राहिली. बाहेर विरूपाक्ष चहासाठी दोनदा खाकरला.

"लई दमलो रे देवा," ती हळूच म्हणाली, आणि हात तसाच वर धरून पोटभर रडली.