पोटावरचा शेक

भिमाबाईच्या तोंडाला सगळी वस्ती वचकून असे. टँकर आला नाही आणि ग्रामपंचायतीत जाऊन भांडायचं असलं, की बायका आधी तिच्या दारात येत, इतका तिचा लौकिक. पण बाहेरच्यांच्या वाट्याला तिच्या तोंडाचा पट्टा अधूनमधूनच येई. सून जाईबाईला मात्र तो सकाळ-संध्याकाळ मिळायचा. भाकरी जाड झाली की तिच्या माहेरचा उद्धार, पातळ झाली की तिच्या हातांचा. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि या अकरा वर्षांत जाईच्या हातची एकही भाकरी बरोबर झालेली नव्हती.

नवरा श्रीपती म्हणे, आई बोलत नाही, तिचं दुखणं बोलतं. तो जळकोटच्या दूध संस्थेत कामाला होता. पहाटेच कॅन घेऊन निघायचा तो दिवेलागणीला परतायचा, त्यामुळे दुखणं काय काय बोलतं ते ऐकायला तो घरी नसायचाच.

दुखणं खोटं नव्हतं. बाहत्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर दगड उचलताना म्हातारीच्या मणक्यातली गादी सरकली होती. पुढे ऑपरेशन झालं, ते फसलं. कमरेतून निघालेली कळ थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची. त्यावर घरात एकच उपाय होता, शेक. जाई तव्यावर जाडं मीठ तापवायची, फडक्यात त्याची पोटली बांधायची, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायची आणि मग म्हातारीच्या कमरेवर ठेवायची. शेक घेता घेताही म्हातारीचं बोलणं चालूच असे. जाई मनाशी म्हणायची, दुखणं बोलतंय. तसं म्हटलं की जेवण तरी घशाखाली उतरायचं.

मग शहाऐंशी साल आलं. पुन्हा दुष्काळ, गुरं चाऱ्याच्या डेपोवर, दूध निम्म्यावर. त्या वर्षी दूध संस्थेच्या आवारात तपासणीचं शिबिर झालं आणि सोलापूरच्या एका दवाखान्यातला डॉक्टर आला. त्याने परदेशातून चार यंत्रं आणली होती. बुटाच्या पॉलिशची डबी असते ना, तेवढंच यंत्र. ते पोटाच्या कातडीखाली बसवायचं, त्यातून एक बारीक नळी पाठीच्या कण्यापर्यंत न्यायची, आणि अफूपासून काढलेलं औषध थेंबाथेंबाने दुखण्याच्या जागी सोडत राहायचं. ऑपरेशन फसलेलं माणूसच त्याला हवं होतं. चारांतली एक डबी भिमाबाईच्या पोटात गेली.

घरी सोडताना डॉक्टरने जाईला समोर बसवून नीट समजावलं. या डबीला सेल नाही, किल्ली नाही. आत वायू कोंडलेला आहे. अंगाच्या उबेने तो फुगतो आणि औषध ढकलतो. उन्हात ठेवलेल्या सोड्याच्या बाटलीत कसा जोर येतो, तसंच. म्हणून शेक द्यायचा तर कमरेला, पोटाला अजिबात नाही. ताप आला तर थेट इकडे. जास्त औषध गेलं तर माणूस झोपेतच श्वास घ्यायचं विसरतं. दर तीन आठवड्यांनी येऊन डबी सुईने भरून न्यायची. जाईला सगळं कळलं. ती सातवी शिकलेली होती, आणि नसती शिकली तरी यात न कळण्यासारखं काय होतं?

दुखणं निम्म्याहून जास्त उतरलं. म्हातारी भिंतीला धरून दारापर्यंत जाऊ लागली, ओट्यावर बसू लागली. तोंड मात्र तसूभरही उतरलं नाही. उलट आता ती ओट्यावरून बोलायची, म्हणजे जे घरात होतं ते गल्लीला ऐकू जायला लागलं. जाई त्या दिवसांत मनातून फार खचली. इतकी वर्षं दुखण्यावर भार टाकून तिने दिवस काढले होते. आता बोलायला दुखणं कुठं होतं?

त्या औषधाने म्हातारीचं पोट साफ होईना. एका दुपारी पोटात कळा येऊन ती विव्हळायला लागली. घरात दोघीच. जाईला डॉक्टरचं सगळं आठवत होतं, तरी तिने मीठ तापवलं. दोनच मिनिटं ठेवू, डबीच्या जरा बाजूला ठेवू, असं म्हणत तिने पोटली पोटावर ठेवली. दोनाची दहा मिनिटं झाली. म्हातारीच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्या. डोळे अर्धवट मिटले.

"लेकी," ती म्हणाली, "तुझा हात लई मऊ हाय गं."

जाईने मागे वळून बघितलं. तिला वाटलं, नणंद आली की काय. मागे कुणीच नव्हतं. माहेरी ती पाचवी मुलगी. तिला हाक मारायची तर आई आधी चौघींची नावं घ्यायची, मग हिच्यावर यायची. लेकी असं कुणी तिला एकटीला म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोटात कळा नव्हत्या. तरी जाईने तवा ठेवला.

पुढे ते रोजचंच झालं. श्रीपती कामावर, मुलगी शाळेत, दार लोटलेलं. चार दिवसांतच म्हातारी स्वतःहून पोटावरचं लुगडं सारून, शेक दे गं, म्हणू लागली. पोटाला शेक का द्यायचा नाही ते तिलाही ठाऊक होतं, डॉक्टरने तिच्यादेखतच सांगितलं होतं. पण दोघींपैकी एकीनेही त्याचं नाव काढलं नाही. शेक लागला की म्हातारी जाईचे केस विंचरून द्यायची, तिच्या वेणीचं कौतुक करायची, लहानपणी सोनारीच्या जत्रेत हरवल्याची गोष्ट सांगायची. संध्याकाळी जास्तीच्या औषधाचा अंमल उतरला की पुन्हा भाकरी जाड व्हायची. पण आता जाईला त्याचं काही वाटेना. दुपारची आई खरी आणि संध्याकाळची खोटी, असं तिने ठरवून टाकलं. माणूस आपल्या सोयीचं ते खरं मानतं, त्यात जाईचं एकटीचं काय चुकलं?

एकदा मात्र तिच्या पायाखालची जमीन सरकली. म्हातारी निजली ती हलेना. छाती वर यायची आणि खाली जाऊन थांबायची, पुन्हा यायला फार वेळ घ्यायची. जाईने तिला हलवलं, गालांवर चापट्या मारल्या, टँकरच्या पाण्यातला अख्खा तांब्या तिच्या तोंडावर ओतला. म्हातारीने डोळे उघडले आणि झोपू दे गं लेकी, म्हणाली. जाई तिथंच खाली बसून रडली. पुन्हा पोटाला पोटली लावायची नाही, असं तिने मुलीच्या गळ्याची शपथ घेऊन ठरवलं. दोन दिवस तिने ते पाळलं. त्या दोन दिवसांत म्हातारीने तिचं माहेर, तिचा रंग, तिची चाल, काही म्हणजे काही सोडलं नाही. तिसऱ्या दुपारी तवा पुन्हा चुलीवर चढला. आई मरता मरता वाचली होती हे ठाऊक असून चढला. जाईला या दोषातून सोडवायला कुणी जाऊ नये.

डबी भरायला अजून आठवडा होता, आणि एका सकाळी म्हातारीला जांभयांवर जांभया यायला लागल्या. नाक वाहू लागलं, वैशाखाच्या उकाड्यात अंगावर काटा उभा राहिला, आणि मागोमाग कमरेतली ती जुनी कळ आली. श्रीपतीने तिला एस.टी.च्या मागच्या बाकावर आडवं घातलं. सोलापूरपर्यंत ती ओरडत होती आणि जाई तिचे पाय धरून बसली होती.

डॉक्टरने डबीत सुई घातली. थेंबभरही औषध आलं नाही, ते मुदतीआधीच संपलं होतं. त्याने आधी दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं आणि अर्धा तास जाऊ दिला. म्हातारी निवांत झाली, उशीला टेकून बसली, चहासुद्धा प्याली. मग त्याने विचारलं, पोटाला शेक कुणी दिला?

"म्या दिला," जाई म्हणाली.

श्रीपती तिच्याकडे बघतच राहिला. जाई बघत होती सासूकडे. तिला एवढंच हवं होतं, की म्हातारीने म्हणावं, मीच मागितला होता. शिक्षा काय व्हायची ती होऊ दे. ते एक वाक्य मिळालं असतं तर जाईने उरलेला जन्म त्यावर काढला असता.

म्हातारीचं दुखणं थांबलेलं होतं, शुद्ध पुरी होती. ती बोलली ती दुपारच्याच मऊ आवाजात.

"हिला किती डाव सांगितलं डॉक्टरसाहेब, नको म्हनून. ऐकतच न्हाय. माझ्या जिवावर उठलीय ही."

तोच आवाज होता. तीच लेकी म्हणणारी जीभ. दुपारची आई आणि संध्याकाळची आई अशा दोन बायका कधी नव्हत्याच.

डॉक्टरने आवाज चढवला नाही. तो म्हातारीकडे वळून म्हणाला, "आजी, तुम्ही नको म्हणत असतानासुद्धा घरात शेक दिला जातो. मग ही डबी मी कुणाच्या भरवशावर तुमच्या पोटात ठेवू? एखाद्या दिवशी जीव जाईल तुमचा."

म्हातारीच्या तोंडचं पाणी पळालं. आपण काय करून बसलो ते तिला तेव्हा कळलं. तिला शब्द मागे घ्यायचे होते, पण घेतले असते तर आधीचं खोटं उघडं पडलं असतं. श्रीपतीने हात जोडले, बायकोला माहेरी पाठवतो म्हणाला. डॉक्टर बधला नाही. चार दिवसांनी डबी निघाली आणि तिच्या जागी टाक्यांची एक रेघ राहिली.

घरी आल्यावर दुखणं पहिल्यापेक्षा चवताळून आलं. तोंडही पुन्हा सुटलं. श्रीपती महिनाभर जाईशी बोलला नाही. माहेरी मात्र त्याने तिला पाठवलं नाही, कारण मग आईचं कुणी केलं असतं?

एका दुपारी जाई ज्वारी निवडत होती. आतून हाक आली.

"लेकी, पोटाला शेक दे गं."

जाईचा हात सुपातच थांबला. आता पोटात डबी नव्हती, अंगात औषध नव्हतं, कळ तर शिगेला पोचली होती. तरी म्हातारीला तो शब्द उच्चारता येत होता. म्हणजे तो तिच्यापाशी पहिल्यापासून होता. सुनेला काय हवंय हे तिला अकरा वर्षं ठाऊक होतं, आणि तिने तो शब्द तसाच राखून ठेवला होता. आता गरज पडली तेव्हा तिने तो बाहेर काढला.

जाई उठली. तिने मीठ तापवलं, पोटली बांधली, मनगटावर लावून बघितली आणि टाक्यांच्या रेघेवर हलकेच ठेवली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "शेक देते म्या. रोज देईन. पन मला लेकी म्हनू नका."

भिमाबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. भाकरी जाड होत राहिली, माहेराचा उद्धार होत राहिला, पण लेकी हा शब्द तिने पुन्हा कधी काढला नाही. सुनेचं तिने आयुष्यात ऐकलं ते एवढंच.