पाण्याचा आळ

मित्रांनो, मी एक जुना तुंबा आहे. दुधी भोपळा वेलीवरच वाळू द्यायचा, आतला गर नि बिया काढून टाकायच्या, मग जे पोकळ पोट उरतं ते मी. आज त्या पोटाला चीर आहे आणि माझ्या मालकिणीने, भिकुबाईने, आत वालाचं बियाणं भरून ठेवलं आहे. पण एके काळी मी तळोद्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, इंद्रसिंगच्या ताडावर लटकत होतो. अवघं गाव माझ्या खाली होतं. मिजास होती मला, खोटं कशाला बोलू?

दिवस मावळता इंद्रसिंग ताडावर चढायचा, फुलोऱ्याच्या दांड्याला काप द्यायचा आणि मला खाली बांधायचा. थेंब थेंब रस माझ्यात साचायचा. पहाटेचा रस गोड, तो मुलांना नि बाळंतिणीला. तुम्ही आला असता तर तुम्हालाही तोच मिळाला असता, पुढचा नाही! ऊन चढलं की रसाला आंबूस फेस यायचा, तो शेतावर जाणाऱ्यांचा. दिवस कलेपर्यंत तो असा कडक व्हायचा की म्हातारे घोट घेऊन डोळे मिटायचे. ताड एक, तुंबा एक, चवी तीन. कुणाला गोडी आवडे, कुणाला नाकाला झोंबल्याशिवाय ती ताडीच वाटत नसे. मोहाच्या दारूच्या पहिल्या धारेवर जीव टाकणारे तर आम्हाला पोरखेळ समजत. ज्याची त्याची जीभ.

यातली मेख सांगतो. ताडी आंबते ती तुंब्याच्या तळाशी राहिलेल्या कालच्या साक्यामुळे, म्हणजे गाळामुळे. म्हणून जाणते लोक तुंबा कधी घासत नाहीत, नुसता उपडा करून ठेवतात.

माझ्या आयुष्याचा पहिलाच दिवस होता, आणि त्याच दिवशी इंद्रसिंगने मला भरून एका लग्नाला नेलं. तिथे गुलाबसिंग बसला होता. पाच गावांचा जाणता माणूस. घोट घेऊन ताडी कुठल्या ताडाची, किती वेळची, हे तो सांगायचा. त्याने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "पानी टाकेल शे."

झालं! इंद्रसिंगने आईची शपथ घेतली, पण गुलाबसिंगच्या जिभेपुढे कोण ऐकतो? पाणी नव्हतंच हो. मी कोरा होतो, माझ्यात साका नव्हता, म्हणून रस आंबला नाही. मला सगळं ठाऊक होतं. पण माझं तोंड नुसतं ओतायला. त्या दिवसापासून इंद्रसिंगची ताडी कुठल्याच लग्नात गेली नाही. माझ्यामुळे एका सच्च्या माणसाची मान खाली गेली, हे मला फार लागलं.

अशी दहा वर्षं गेली. इंद्रसिंगची मुलगी भिकुबाई मोठी झाली. अक्कलकुव्याच्या बाजारात तिची नि एका मुलाची ओळख झाली, मनं जुळली. आणि तो मुलगा निघाला गुलाबसिंगचा! आमच्याकडे रीत अशी, की मुलाच्या बापाने मुलीच्या घरी पळसाच्या द्रोणातली ताडी संपवली की सोयरीक पक्की. द्रोण भरलेला खाली ठेवला की मोडली.

भिकुबाईची आई दिवलीबाई हिने घर सारवून काढलं. भिकुबाईला वाटलं, या वेळी तरी बाबांना कुणी नाव ठेवायला नको. तिने मला ओढ्यावर नेलं आणि राख-वाळूने आतून-बाहेरून लख्ख घासलं. दहा वर्षांचा साका वाहून गेला. पोरीने केलं काळजीपोटी, आणि नेमका तिथेच घात झाला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे बसले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. इंद्रसिंगने मला कलतं केलं. फेस नाही! बदलायला दुसरा तुंबा नव्हता. दिवलीबाई हळूच म्हणाली, "जे शे ते वाढा."

गुलाबसिंगने पूर्वजांच्या नावाने चार थेंब जमिनीवर सोडले. एक घोट घेतला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मला वाटलं, आता फुटून जावं. पण त्याने द्रोण खाली ठेवला नाही. दुसरा घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडात घोळवला.

"हाऊ तुंबा कोनी धोया?" त्याने विचारलं.

"मी धोया, मामा," भिकुबाई दाराआडून म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

तो इंद्रसिंगकडे वळला. "दहा सालपहिले हाऊच तुंबा नवा व्हता का?"

इंद्रसिंगने होकाराची मान डोलावली.

"मंग ते पानी नव्हतं," गुलाबसिंग सोबतच्या मंडळींना ऐकू जाईल असं म्हणाला. "मन्ही जीभ चुकनी."

त्याने द्रोण रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. इंद्रसिंगने तो भरला आणि मग तोंडावर पागोट्याचं टोक धरून घरामागे गेला. बराच वेळ आला नाही.

भिकुबाईने मला सासरी आणलं. चीर पडली तरी टाकलं नाही, बियाण्याला ठेवलं. मित्रांनो, घरातल्या जुन्या भांड्याला असंच सांभाळा, त्याच्या पोटात काय आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं. आणि कुणाच्या घरचं फिकं लागलं, तर बोलण्याआधी दुसरा घोट घ्या. गुलाबसिंगला तो घ्यायला दहा वर्षं लागली.